थंडीची शाळा

डिसेंबर उजाडला की निफाडचं नाव पेपरात येतं. तापमानाचा आकडा असतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंच, आम्ही जेमतेम साडेपाचशे. तरी कित्येक पहाटे पारा आमच्याकडेच जास्त खाली असतो. पाच अंशांच्या खाली गेला की पानांवरचं दव गोठतं. पंचवीस वर्षं द्राक्षबाग करताना या थंडीनं जे शिकवलं, ते लिहून ठेवतोय.

१. थंडी पाण्यासारखी उताराला लागते.
निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, खोलगटात येऊन साचते. डोंगरावर वारा ती ढवळत राहतो. सातमाळ्याच्या रांगेखालच्या आमच्या उघड्या रानात तिला हलवणारं कुणी नसतं. मी पहिली बाग नाल्याकडच्या खोल वावरात लावली. जमीन काळीभोर, पाणी हाताशी. वडील म्हणाले होते, "तिथं हरभराच बरा." मी ऐकलं नाही. तिसऱ्या वर्षी कडाका पडला. वरच्या अंगाच्या बागा तगल्या, माझ्या खालच्या बागेची कोवळी पानं दोन रात्रींत करपली.

२. एकाच पिकाच्या जिवावर हिवाळा काढू नये.
ज्या रात्री द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, त्याच रात्री गहू फुटवे धरतो. कुंदेवाडीत तयार झालेले त्र्यंबक, तपोवन हे गव्हाचे वाण याच हवेत वाढले. म्हणून मी थोडं रान गहू-कांद्याला ठेवतो आणि ऑक्टोबरची गोडी छाटणीही एकदम न करता टप्प्याटप्प्यानं करतो. सगळी बाग एकाच अवस्थेत असली, तर एक रात्र सगळ्या वर्षाचा घास घेते.

३. पहाटेचं पाणी ही बागेची गोधडी.
विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं. तीन-चारच्या सुमाराला ठिबक सुरू केलं की मुळांजवळची माती फार गार पडत नाही. बांधावर शेकोट्या पेटवतो. मोठा जाळ नको, मंद धुमसणाऱ्या जास्त हव्यात. मण्यांत साखर भरत असेल, तर घडांना पेपर लावतो. नाहीतर दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांत मणी गुलाबी पडतात आणि व्यापारी भाव पाडतो.

४. रात्री मळ्यात एकट्यानं जाऊ नये.
शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच मिळते आणि गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो. एकदा मोटर चालू करायला निघालो, तर टॉर्चच्या उजेडात दोन डोळे चमकले. तेव्हापासून शेजारच्या भाऊबंदांनी पाळ्या लावल्या. दोघं-तिघं मिळून जातो, मोठ्यानं बोलत जातो. बागेची काळजी खरीच, पण घरी वाट बघणारी माणसं आधी.

५. ढग आले म्हणून निर्धास्त होऊ नये.
ढगाळ रात्री गारठा कमी होतो, जीव हलका होतो. पण त्याच हवेत भुरीची बुरशी डोकं वर काढते. कडाक्याच्या रात्रीनंतर जितक्या बारकाईनं बाग फिरतो, तितक्याच बारकाईनं ढगाळ दिवसानंतरही फिरावं. पानं उलटून बघावीत.

६. आपल्या थंडीबरोबर दिल्लीची थंडीही बघावी.
उत्तरेत गारठा असला की द्राक्षाला उठाव नसतो. इकडं फुगवण अडते, तिकडं मागणी. अशा आठवड्यात घाईनं माल देऊन पस्तावलोय. घडात गोडी भरू द्यावी.

७. जमीन रात्री बघावी.
वावर घेणारा माणूस भर दुपारी येतो, ढेकूळ हातात घेऊन बघतो, विहिरीत डोकावतो. जमिनीचा स्वभाव कळतो तो पहाटे चारला. त्या खोल वावरातली बाग काढून मी तिथं हरभरा केला. परवा मुलगा म्हणाला, "आबा, तिथं पुन्हा द्राक्ष लावू, आता नवं तंत्र आलंय." मी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "डिसेंबरात एक रात्र माझ्याबरोबर तिथं काढ. मग तू म्हणशील तसं." वडिलांनी मला नुसतं सांगितलं होतं. मी त्याला सोबत घेऊन जाणार आहे.