जत्रेचा व्हिडिओ आणि अर्धायुष्याचे गणित



मालवण तालुक्यातील मसुरे हे माझे गाव. गड नदीच्या काठी, भरतगडाच्या पायथ्याशी ते वसलेले आहे. या गावाचीच एक वाडी म्हणजे आंगणेवाडी. भराडी देवीच्या जत्रेमुळे तिचे नाव तुम्ही नक्की ऐकले असेल. या जत्रेची तिथी पंचांगात ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि तो जाहीर झाला की मुंबईच्या चाकरमान्यांची रेल्वेच्या तिकिटांसाठी एकच धावपळ उडते. अलीकडच्या जत्रांत आणखी एक गोष्ट दिसते. दर्शनाच्या रांगेत, खाजाच्या दुकानांपुढे, जिकडेतिकडे मोबाईल वर धरलेले असतात. काहीजण आठवण म्हणून चित्रण करतात, तर काहीजण ते यूट्यूबवर टाकून चार पैसे मिळवावेत या आशेने.

माझा पुतण्या या दुसऱ्या वर्गातला. तो अकरावी विज्ञानाला आहे आणि मी जो विषय शिकवतो नेमका त्यातच काठावर आहे, हे सांगायला हरकत नाही. त्याच्या जत्रेच्या व्हिडिओला पहिल्या दोन दिवसांत आठ हजार प्रेक्षक मिळाले. लगेच त्याने पंचेचाळीस हजारांच्या कॅमेऱ्याची चौकशी केली. माझ्या भावाने काजूच्या विक्रीतून पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, त्यांच्यावर त्याची नजर होती. भाऊही निम्मा तयार झाला होता. पुतण्या मला म्हणाला, "काका, बरो कॅमेरो गावलो तर लोक जास्त बघतले."

मी म्हटले, "बघतले. पण किती, तां आधी मोजूया."

त्या संध्याकाळी ओटीवर बसून आम्ही जे मोजले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिला प्रश्न असा, की हा पैसा येतो कोठून? प्रेक्षक तर एक पैसाही देत नाही. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमात आपण शिकतो, की ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही. ती कोठे दिसली, तर ती कोठून आली ते शोधायचे. रुपयाचेही तसेच करू. व्हिडिओच्या आधी किंवा मध्ये जाहिरात लागते. तुम्ही व्हिडिओवर बोट टेकवता त्या क्षणी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, संगणकांमध्ये एक लिलाव होऊन जातो. तुमच्यापुढे जाहिरात दाखवण्यासाठी कोण किती मोजायला तयार आहे, याचा तो लिलाव. म्हणजे विकली जाते ती पुतण्याची कला नव्हे, तर तुमच्या लक्षाची काही सेकंदे. पाच सेकंदांनंतर पुढे जाण्याची सोय असलेल्या जाहिराती तुम्ही पाहता. त्यांच्या एका नेहमीच्या प्रकारात तुम्ही तीस सेकंद जाहिरात पाहिली (जाहिरात त्याहून लहान असेल तर शेवटपर्यंत) किंवा तिच्यावर बोट टेकवले, तरच जाहिरातदाराला पैसे द्यावे लागतात. तुम्ही पाचव्या सेकंदाला पुढे गेलात तर त्याचे काही जात नाही आणि पुतण्याला काही मिळत नाही.

लिलाव म्हटला की भाव सर्वांना सारखा नसतो. मसुऱ्यात बसलेल्या प्रेक्षकासाठी लागणारी बोली आणि अमेरिकेत बसलेल्या मालवणी माणसासाठी लागणारी बोली यांत बराच फरक पडतो, कारण तेथील जाहिरातदाराची वस्तू महाग असते. दिवाळीच्या आधी बोली चढते, एरवी उतरते. जमा झालेल्या पैशांतून नेहमीच्या लांब व्हिडिओसाठी 55 टक्के व्हिडिओ करणाऱ्याला मिळतात आणि उरलेले यूट्यूबकडे राहतात. शॉर्ट्स या छोट्या व्हिडिओंचा हिशेब वेगळा आहे. त्यांच्या जाहिरातींचे पैसे आधी एकत्र जमा होतात आणि व्हिडिओ करणाऱ्याच्या नावे निघालेल्या वाट्यातील 45 टक्के त्याला मिळतात. ही पद्धत फेब्रुवारी 2023 पासूनची.

इतिहास थोडक्यात सांगतो. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 रोजी चढवला गेला. प्राणिसंग्रहालयातील हत्तींपुढे उभ्या असलेल्या एका तरुणाचा, केवळ 19 सेकंदांचा. 2006 मध्ये गूगलने ही कंपनी 165 कोटी डॉलरना घेतली आणि 2007 पासून व्हिडिओ करणाऱ्यांना जाहिरातीत वाटा मिळू लागला. आपल्याकडे मात्र खेडोपाडी ही लाट आली ती 2016 नंतर, इंटरनेट स्वस्त झाल्यावर.

आता उंबरठ्याकडे वळू. व्हिडिओ चढवला की लगेच पैसे सुरू होत नाहीत. 2018 पासूनचा नियम असा, की तुमच्या वाहिनीचे किमान 1,000 सबस्क्रायबर हवेत आणि मागील बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून 4,000 तास पाहिलेले असावेत. (शॉर्ट्सच्या आधारे यायचे तर 90 दिवसांत एक कोटी प्रेक्षणे लागतात. 500 सबस्क्रायबर आणि 3,000 तासांची एक खालची पायरीही आहे, पण तिच्यावर जाहिरातीचा वाटा मिळत नाही.) 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. प्रत्येक प्रेक्षक सरासरी तीन मिनिटे थांबला असे धरले, तर 80,000 प्रेक्षणे झाली.

पुतण्या म्हणाला, पहिल्या दोन दिवसांत आठ हजार झाली, म्हणजे वीस दिवसांत ऐंशी हजार! त्रैराशिक मांडायचा मोह येथेच होतो. मी त्याला पुढचे आकडे वाचायला सांगितले. पुढील दोन दिवसांत सुमारे चार हजार, त्यापुढील दोन दिवसांत दोन हजार, मग एक हजार. आकडे मी थोडे गोल केले आहेत, पण आलेखाचा आकार खराच आहे. हा आकार तुम्ही पाहिलेला आहे. किरणोत्सर्गी पदार्थाचा ऱ्हास असाच होतो. ठराविक काळात त्याची क्रियाशीलता निम्मी होते आणि त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. आयोडीन-131 चे अर्धायुष्य सुमारे आठ दिवस, तर रेडियम-226 चे सुमारे 1,600 वर्षे. आमच्या जत्रेच्या व्हिडिओचे अर्धायुष्य दोन दिवसांचे होते.

साम्य आलेखाच्या आकाराचे आहे, कारणाचे नाही, एवढे लक्षात ठेवा. अणुकेंद्राचे विघटन निव्वळ संभाव्यतेने होते. येथे मात्र यंदाची जत्रा पाहण्यास उत्सुक असलेला चाकरमानी एकदा पाहून मोकळा होतो आणि पाहायचे राहिलेले लोक कमी कमी होत जातात. पण गणिताला कारणाशी कर्तव्य नसते. बेरीज करून पाहा.

8,000 + 4,000 + 2,000 + 1,000 + 500 + ...

ही बेरीज कितीही पुढे नेली तरी 16,000 ओलांडत नाही. वर्षभर थांबा, दहा वर्षे थांबा, सोळा हजार ही तिची भिंत आहे. म्हणजे पाहण्याचे तास 800. चार हजार तासांसाठी अशा पाच जत्रा हव्यात आणि आंगणेवाडीची जत्रा तर वर्षातून एकदाच येते! शिवाय नियम मागील बारा महिन्यांचा आहे. या वर्षीचे तास पुढच्या वर्षी हिशेबातून गळून जातात. तळाला भोक असलेली कळशी भरण्यासारखे हे काम आहे. गळतीपेक्षा धार मोठी असेल तरच पाणी वर चढेल.

गंमत अशी, की पुतण्याकडे आणखी एक व्हिडिओ होता आणि त्याकडे त्याचे लक्षही नव्हते. माझी आई खाडीतल्या तिसऱ्या कशा धुते, पाण्यात ठेवून त्यांची वाळू कशी काढते आणि विळीवर त्या कशा उघडते, एवढेच त्यात होते. पहिल्या दिवशी जेमतेम चाळीस जणांनी तो पाहिला, दुसऱ्या दिवशीही चाळीस जणांनी. सहा महिन्यांनीही रोज साधारण चाळीसच. चाळीस गुणिले 365 म्हणजे वर्षाला 14,600 प्रेक्षणे. दुसऱ्या वर्षाअखेर 29,200! जत्रेचा व्हिडिओ आयोडीन होता, तर हा रेडियम. बाजारातून तिसऱ्या घरी आणून "आता हे उघडायचे कसे" असा प्रश्न पडणारा माणूस कोठे ना कोठे रोज असतोच.

आपल्या राज्यात नावारूपाला आलेल्या एका वाहिनीकडे या दृष्टीने पाहा. सारोळा कासार (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथील सुमन धामणे या आजींच्या पाककृती त्यांच्या नातवाने चित्रित केल्या आणि 2020 साली ‘आपली आजी’ ही वाहिनी घरोघरी पोहोचली. ही पाककृती आहे, बातमी नव्हे. ती शिळी होत नाही. आमच्या सिंधुदुर्गात ‘कोकणी रानमाणूस’ या नावाने प्रसाद गावडे येथील जंगल आणि गावजीवन दाखवतात व पर्यटकांना गावातील घरांपर्यंत आणतात. तेथे व्हिडिओ हे केवळ जाहिरातीचे साधन राहत नाही, तर तो पाहुण्याला गावाची वाट दाखवतो.

मग काहींना लाखो प्रेक्षक आणि बाकीच्यांना शेकड्यांत, असे का? जत्रेत ध्वनिक्षेपक अचानक कर्कश शिटी मारतो ते तुम्ही ऐकले असेल. कर्ण्यातून आलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. यूट्यूबचा संगणक जो व्हिडिओ लोक शेवटपर्यंत पाहतात तो आणखी लोकांना सुचवतो, म्हणून तो आणखी पाहिला जातो, म्हणून पुन्हा सुचवला जातो. सुरुवातीचा छोटा फरक अशा फेऱ्यांत प्रचंड होतो. त्यात गुणवत्तेचा भाग आहेच, पण योगायोगाचाही थोडाथोडका नाही.

आता पुतण्याचा जमाखर्च. उंबरठा ओलांडला आहे असे क्षणभर समजू आणि हजार प्रेक्षणांमागे हाती तीस रुपये पडतात असे धरू. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. तुम्ही दुसरा घेऊन गणित पुन्हा करू शकता. जत्रेचे 480 रुपये, तिसऱ्यांचे वर्षाचे 438, एकूण 918 रुपये. यूट्यूबचे पैसे 100 डॉलर जमल्याशिवाय खात्यात येत नाहीत. डॉलर 85 रुपयांचा धरला तर हे 8,500 रुपये झाले. भागाकार करा. पहिली रक्कम यायला नऊ वर्षांहून अधिक काळ! आणि पंचेचाळीस हजारांचा कॅमेरा फिटायला पंधरा लाख प्रेक्षणे, म्हणजे या गतीने 49 वर्षे. पुतण्या बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. भाऊ आत जाऊन चहा घेऊन आला.

वयाचीही अडचण होतीच. पैसे घेण्यासाठीचे खाते अठरा वर्षांखालील मुलाच्या नावे उघडता येत नाही. ते आईवडिलांच्या नावे असावे लागते. मिळालेली रक्कम हे उत्पन्न असते आणि ते आयकराच्या हिशेबात दाखवावे लागते.

कॅमेऱ्याऐवजी मी त्याला एक प्रयोग सुचवला. प्रेक्षक व्हिडिओ सोडून का जातात हे त्याने स्वतःच पाहावे. त्याने आपले सहा व्हिडिओ डोळे मिटून ऐकले. चित्र चांगले होते, पण खाडीच्या वाऱ्यात आजीचे बोलणेच कळत नव्हते. येथे व्यस्त वर्गाचा नियम उपयोगी पडतो. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मोबाईल आजीपासून तीन मीटरवर असतो. तोच मायक्रोफोन तीस सेंटिमीटरवर आणला तर अंतर दहापट कमी होते, म्हणून तिच्या आवाजाची तीव्रता शंभरपट, म्हणजे वीस डेसिबेलने, वाढते. वारा मात्र होता तेवढाच राहतो. काही शे रुपयांचा पदराला अडकवायचा मायक्रोफोन आणि त्यावर स्पंजची टोपी, एवढ्याने काम झाले. स्पंजच्या छिद्रांत वाऱ्याचे झोत मोडतात, पण ध्वनिलहरी आत पोहोचतात.

काजूचे पैसे बँकेतच राहिले. पुतण्या आता रोज वहीत आकडा लिहितो आणि रविवारी आलेख काढतो. आजीच्या नव्या व्हिडिओत लोक सरासरी पावणेपाच मिनिटे थांबतात. श्रावणात तिसऱ्यांची रेघ चाळीसवरून बारावर उतरली तेव्हा तो घाबरून माझ्याकडे आला होता. मी त्याला कालनिर्णय दाखवले. नारळी पौर्णिमा होऊन श्रावण सरल्यावर रेघ पुन्हा वर गेली.

त्याच्या वहीतील एक गणित तुमच्यासाठी ठेवतो. दशावताराच्या व्हिडिओला पहिल्या आठवड्यात 2,400 प्रेक्षणे मिळाली, दुसऱ्यात 1,800, तिसऱ्यात 1,350. ऱ्हास याच प्रमाणात चालू राहिला, तर या व्हिडिओची भिंत किती हजारांवर येईल? आणि त्याचे अर्धायुष्य दोन आठवड्यांहून कमी की जास्त?