संकट तसंच असताना झोप

आजचं वचन: स्तोत्रसंहिता ३:५

रिलीजच्या रात्री मला झोप लागत नाही. लॅपटॉप बंद, पण डोकं चालूच. २ वाजता उठून फोन बघायचा, काही बिघडलं नाही ना?

तिसरं स्तोत्र दावीदाचं, आपला मुलगा अबशालोम याच्यापासून पळाला तेव्हाचं. २ शमुवेल १५ मध्ये तो अनवाणी, डोकं झाकून, रडत जैतुनांचा डोंगर चढतो. राजवाडा सुटला आणि शत्रू पोटचा मुलगा. तरी ५व्या वचनात तो सांगतो की मी निजलो, झोपी गेलो आणि जागा झालो, कारण परमेश्वर मला सांभाळतो.

आता पुढचं वचन बघा. हजारो शत्रू अजून भोवती आहेतच! म्हणजे प्रॉब्लेम सुटला म्हणून त्याला झोप लागली, असं नाही. झोपण्याआधी, ४थ्या वचनात, त्याने मोठ्याने परमेश्वराला हाक मारली होती. स्तोत्र १२१ सांगतं, आपला रक्षक डुलकीही घेत नाही. नाइट शिफ्टवाल्याला काम सोपवलं की आपण निर्धास्त घरी जातोच ना?

झोप येत नाही म्हणजे विश्वास कमी, असं मात्र समजू नका. ६व्या स्तोत्रात हाच दावीद रात्रभर रडून अंथरूण भिजवतो. त्रास बरेच दिवस चालला तर डॉक्टरांनाही भेटा.

आज रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जी चिंता आहे, तिचं नाव घेऊन प्रभूला सांगा.

प्रार्थना: प्रभू येशू, उद्याचा दिवस तुझ्या हाती सोपवतो. तू जागा आहेस, म्हणून मी झोपतो. आमेन.