डोळा लाल : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

कोलकात्याजवळच्या बजबजच्या तेल डेपोत बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबानं लाल डोळा घेऊन केमिस्ट गाठला, की तो म्हणणार, ‘जॉय बांग्ला!’ 1971च्या बांगलादेशी निर्वासितांच्या काळात आलेल्या डोळ्यांच्या साथीचं हे नाव बंगालात टिकून आहे. पन्नास-शंभर रुपयांत थेंब मिळतात. चिपडं येत असतील, घरात आणखी कुणाचे डोळे आले असतील, तर बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत निवळतं. पण चिपडं नाहीत, डोळा ठणकतोय, उजेड सोसत नाही, धूसर दिसतंय, तर ते पैसे पाण्यात. थेंबांत स्टेरॉइड असलं आणि आत नागिणीच्या जातीचा विषाणू, तर जखम चिघळतेच.

अशा वेळी पहिला खर्च स्लिट लॅम्पखालच्या, म्हणजे नेत्रतज्ज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीवर करा. खासगी नेत्रतज्ज्ञ साधारण 500 ते 1000 रुपये घेतात. सियालदह लोकल पकडून कॉलेज स्ट्रीटच्या मेडिकल कॉलेजातल्या नेत्रसंस्थेत गेलात, तर ओपीडीचं तिकीट 2 रुपये. अर्धा दिवस रांगेत जातो तो वेगळा. ईएसआयमध्ये नाव असेल तर बजबजचंच ईएसआय रुग्णालय गाठा.

डोळ्याच्या मधल्या पडद्याची सूज, म्हणजे युव्हायटिस निघाला, की डॉक्टर भलतेच प्रश्न विचारतात. सकाळी कंबर आखडते का? तोंडात फोड येतात का? खोकला किती दिवस? मणक्याचा संधिवात, क्षय, सार्कॉइडोसिस अशा दुखण्यांची पहिली वर्दी कधी कधी डोळाच देतो. रात्री झोपमोड करणारी खोल कळ असली, तर स्क्लेरायटिस आणि त्यामागे आमवात असू शकतो. ही कारणं शोधायला सीबीसी, ईएसआर या रक्ततपासण्या, क्षयाची मांटू चाचणी आणि छातीचा एक्स-रे मिळून साधारण हजार-दीड हजार. मांटू 48 ते 72 तासांत वाचून घ्यावी लागते, तेव्हा शुक्रवारी टोचून घेऊ नका. रविवारी लॅब बंद सापडेल. मणक्याच्या संधिवातासाठीच्या एचएलए-बी27 तपासणीला दीड ते तीन हजार पडतात. ती निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येते, म्हणून डॉक्टरनं लिहिली तरच करा. ‘फुल बॉडी’ पॅकेजात बहुधा मांटू आणि एचएलए-बी27 या दोन्ही नसतात.

न दुखणारा, रक्त सांडल्यासारखा लाल डाग दिसला तर बीपी मोजा. तो आपोआप जातो, थेंब नकोत.

मुलाला पाच दिवस ताप, ओठ फुटलेले, दोन्ही डोळे लाल पण कोरडे असतील, तर नेत्रतज्ज्ञाकडे नव्हे, बालरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी न्या. कावासाकी आजारात हृदयाच्या धमन्यांना धोका असतो आणि इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. त्याचा खर्च वजनावर ठरतो, लाखाच्या घरातही जातो. भरती करतानाच कंपनीच्या मेडिक्लेममध्ये त्याची मंजुरी घ्या.