बंदर हटले, पेठ राहिली : राजापूर आणि वाटेवरचे घरगुती हॉटेल

राजापूर तालुक्यातील गावांत, फाट्याफाट्यावर, घरचीच माणसे चालवतात अशी लहान हॉटेले आहेत. वडील गल्ल्यावर, घरातील बाया चुलीवर, मुलगा चहा-उसळ द्यायला. हा धंदा नीट समजायचा तर आधी राजापूरची पेठ पाहावी, असे आम्हांला वाटते.

राजापूर समुद्रकाठी नाही. जैतापूरच्या खाडीने सुमारे २४ किलोमीटर आत आहे. गलबतावरचा माल इथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून अणस्कुरा घाटाने वर देशावर जायचा. माल एका वाहनावरून दुसऱ्यावर चढतो तिथे हमाल, तोलणारे, वखारवाले आणि खानावळी आपोआप जमतात. पेठ उभी राहिली ती यावर. १६४९ साली इंग्रजांनी इथे वखार घातली. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी विजापूरच्या फौजेला तोफांची मदत केली आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर घेऊन वखारवाल्यांना कैद केले. व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या लढाईत पडू नये, एवढे तरी त्यावरून कळते.

पुढे खाडी गाळाने भरत गेली. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर सांगते की मोठी जहाजे जुन्या धक्क्यापासून तीन मैल अलीकडेच थांबत. तरीही रत्नागिरी जिल्ह्यात अरबांची गलबते थेट येत असलेले हे एकच बंदर उरले होते. मग मोटाररस्ता आला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण राजापूर रोड स्टेशन शहरापासून लांब पडले. अर्जुना-कोदवलीच्या पुराने जवाहर चौकात पाणी शिरते, दुकानदार माल वर चढवतात, पाणी ओसरले की पुन्हा मांडतात. बंदर गेले तरी पेठ टिकली, कारण भोवतालच्या गावांचा बाजार तिला होता.

फाट्यावरच्या हॉटेलाचेही असेच आहे. रस्ता रुंद होतो, वळण निघते, गाड्या न थांबता पुढे जातात. केवळ गाडीवाल्यांवर बसलेला बसतोच. गावातील माणूस सकाळी चहाला येतो, लग्नकार्याला भजी-जेवणाची ऑर्डर देतो, तो मात्र रस्त्याबरोबर सरकत नाही.

आता हिशेब. घरची माणसे राबतात म्हणून मजुरी धरलीच जात नाही, आणि हॉटेलातले दूध, साखर, तेल घरी जाते ते लिहिले जात नाही. समजा, महिन्याला १५,००० रुपये उरले असे वाटते. तीन माणसांची प्रत्येकी ६,००० रुपये मजुरी धरली, तर ३,००० रुपयांची खोट आहे! म्हणून कारागीर व दुकानदार बंधूंनीही दोन वह्या ठेवाव्यात, एक दुकानाची, एक घराची. घरी नेलेला माल खरेदीच्या भावाने घरच्या वहीत नावे पडावा, दुकानात जमा धरावा आणि उधारी वेगळ्या पानावर, तारखेसह. पाऊस सुरू होण्याआधी ते पान एकदा वसुलीसाठी उघडावे, कारण पावसात कोकणातले गिऱ्हाईक कमी होते.