राबाचे काळे चौकोन

कल्याण,
एप्रिल, रविवार

चि. सायली,

वंदूच्या बारशाला तुझ्या ऑफिसातली मैत्रीण भेटली. कौतुकानेच म्हणाली, "सायलीचा हात सगळ्यांत भरभर चालतो. शंका आली तर सुचेल ते नाव देऊन पुढे जाते." माझा पुढचा घास घशाखाली उतरेना. हे खोटं असेल तर पत्र फाडून टाक. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच.

आकाशातून काढलेल्या फोटोंतल्या खुणांचा कोश तुम्ही वागळे इस्टेटमध्ये बसून रचताय. त्यावरून मशीन शिकणार. म्हणजे तुझी चूक एका फोटोपुरती राहणार नाही, पुढच्या प्रत्येक फोटोत ती पुन्हा होईल. एकच विचारतो, शंका आली की तू खुर्चीतून उठतेस का?

या दिवसांत रायत्यापासून मुरबाडपर्यंत शेतांत काळे चौकोन दिसतील. त्यांना काय नाव दिलंस? डबकं? जळका कचरा? अगं, तो राब! आजोबा भाताच्या रोपांसाठी कवळ, शेण, पालापाचोळा पसरून भाजायचे. त्या राखेत पाय काळे करून आलीस म्हणून ताईने तुला बदडलं होतं, विसरलीस? आणि भोवतालची तपकिरी जमीन पडीक नव्हे, ती भाताची खाचरं आहेत. सप्टेंबरचा फोटो शेजारी ठेवून बघ. मोहन्याजवळ उल्हास नदीवर जलपर्णी माजली की वरून ते कुरण वाटतं. पावसाळ्यात डोंबिवलीच्या चाळींवरच्या निळ्या ताडपत्र्या पोहण्याच्या तलावासारख्या दिसतात. ठाण्याच्या खाडीचं तर विचारूच नकोस. भरतीच्या फोटोत जिथे पाणी, तिथेच ओहोटीच्या फोटोत चिखल. म्हणून नोंदीत महिना हवा, खाडी असेल तर भरती-ओहोटीची वेळ हवी, आणि जागेवर जाऊन कोणी पाहिलं तेही हवं.

छटा, पोत, आकार, सावली, शेजारी काय आहे, हे सगळं तू माझ्यापेक्षा चांगलं शिकली आहेस. १९७० साली शास्त्रज्ञ पिशारोटींनी केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर नारळीच्या बागा टिपल्या आणि रोगट झाडं वेगळी ओळखता आली, हे तर तूच मला सांगितलंस. वरून दिसतं त्याला मी कमी लेखत नाही. पण खुर्चीतून उठतेस का?

इतक्यांदा विचारतो, कारण मी उठलो नव्हतो. १९८६ साली मी एका ऑफिसात स्टिरिओस्कोपखाली काळे-पांढरे फोटो वाचायचो. डोळे लावले की दोन फोटोंमधून डोंगर उभा राहायचा, आणि मला वाटायचं, आता सगळं कळलं. उन्हाळ्यातल्या एका फोटोवरून मी एक पट्टा पडीक लिहिला. काही महिन्यांनी एक म्हातारे शेतकरी सातबारा घेऊन आले. "साहेब, एकदा येऊन बघा, भात उभं आहे," म्हणाले. एसटीने तासाभराचा रस्ता होता. मी मान वर न करता अर्ज द्यायला सांगितलं. ते बराच वेळ दारात उभे होते. त्यांच्या धोतराला चिखल लागला होता. पुढे त्या नोंदीचं काय झालं, मी विचारलंही नाही. आजोबांना हे कधी सांगितलं नाही. ताईलाही नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

रागावून लिहिलं, सायू. दिवसभर पडद्याकडे बघून रात्री डोळ्यांतून पाणी येतं, असं ताई सांगत होती. वर ती गर्दीची लोकल. एवढं सगळं सांभाळून प्रत्येक चौकोनासाठी गावोगाव फिर, असं मी कसं म्हणू? कळलं नाही तर 'कळलं नाही' असं लिहून ठेव, आणि मला फोन कर. रात्री अकरा वाजता केलास तरी चालेल. मी दिवसभर घरीच असतो. मी जाऊन बघून येईन.

रायत्याचा राब अजून भाजायचा राहिलाय. येत्या रविवारी ये. कल्याण स्टँडवर सातला थांबतो, मुरबाडची एसटी धरू. ताडगोळे मी आणून ठेवीन. जुन्या चपला घालून ये, राख आतून बराच वेळ गरम असते.

तुझा,
अण्णामामा