मोफत वेगळं, मुक्त वेगळं



नाताळच्या सुट्टीआधी आपल्या मंडळाचे जुने अंक एकत्र करायला घेतले. छापील प्रती बऱ्याचशा मिळाल्या. एका अंकाची तर मूळ फाइलच जुन्या सीडीवर सापडली. मोठ्या उत्साहाने ती उघडली, तर पडद्यावर कवितांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा यांचा नुसता खच! फाइल बिघडली नव्हती. ज्या डीटीपीच्या दुकानात अंक टाइप झाला, तिथला फॉन्ट आमच्याकडे नव्हता, एवढंच. त्या पद्धतीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवायचे. फॉन्ट गेला की मराठीही गेली. आणि दुकान कधीच बंद झालंय.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्वतःची जागा आहे. प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो आणि ते प्रमाण सगळ्यांसाठी खुलं आहे, त्यामुळे आज टाइप केलेला मजकूर कुठल्याही फोनवर मराठीच दिसतो. पण मजकूर ज्या ॲपमध्ये लिहितो, ज्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवतो, त्यांचं काय? रोजच्या ॲप्सना मुक्तस्रोत पर्याय शोधायचे ते यासाठी. पैसे वाचतात हा पुढचा फायदा.

इथे एक घोळ आधी निस्तरू. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने दोन गोष्टी सांगाव्या लागतात. आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत. फोनमधली बहुतेक ॲप्स मोफत असतात, मुक्त नसतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरचा अर्थ साधारण असा : ते हवं त्या कामासाठी वापरता यावं, आतून कसं चालतं ते पाहता यावं, बदलता यावं आणि दुसऱ्याला देता यावं. मूळ कोड जाहीर असतो, म्हणून कंपनीने हात वर केले तरी दुसरे कोणी ते काम पुढे नेऊ शकतात. ओपनऑफिसवर काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी २०१० मध्ये वेगळं होऊन लिबरऑफिस सुरू केलं, ते याच मोकळीकीमुळे.

आता शोधायचं कसं? 'अमक्या ॲपला पर्याय काय' असं विचारलं की नावांची लांबलचक यादी हाती येते आणि गोंधळ वाढतो. त्याऐवजी आपलं काम काय, ते आधी विचारा. निबंध लिहून सरांना द्यायचाय? लिबरऑफिस रायटर पुरतं, आणि त्याचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. त्याची ओडीएफ ही फाइलपद्धत २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. मात्र वर्डमध्ये बनवलेली फाइल त्यात उघडली की कधी तक्ते सरकतात, पानं पुढेमागे होतात. अंतिम प्रत पीडीएफ करून द्या. फोटो सुधारायला गिंप, पोस्टर आणि बोधचिन्हाला इंकस्केप, गाणी-व्हिडिओला व्हीएलसी. हे व्हीएलसी म्हणजे पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हाती घेतलेला प्रकल्प, बरं का! फोनसाठी एफ-ड्रॉइड नावाचं ॲपचं दुकान आहे, त्यात मुक्तस्रोत ॲप्सच ठेवतात.

निरोपांच्या ॲपचं मात्र अवघड आहे. सिग्नल मुक्तस्रोत आहे, चांगलंही आहे. पण मावशी, क्लासचा ग्रुप आणि कारखान्याचा सुपरवायझर सगळे व्हॉट्सॲपवर असताना आपण एकट्याने तिकडे जाऊन बोलायचं कोणाशी? जे काम आपल्या एकट्याच्या हातात आहे, तिथून सुरुवात केलेली बरी.

कुठलंही ॲप घेतलं की त्याची मराठीची परीक्षा घ्या. मी हे वाक्य टाइप करते : 'दुसऱ्या दिवशी वाङ्मय मंडळाचं ॲप उघडून कृष्णाने गोष्ट वाचली.' यात 'ऱ्या' आहे, 'ङ्म' आहे, 'ळ' आहे, आणि 'ॲ' आहे, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. मुक्तस्रोत म्हणून कोणाला सूट नाही! पानांची मांडणी करणारं स्क्रायबस याच परीक्षेत बरीच वर्षं नापास होत होतं, जोडाक्षरं फुटायची. आता सुधारलंय, पण नवी आवृत्तीच घ्या.

फॉन्टच्या बाबतीत आपली चैन आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे : वापरा, छापा, मित्राला द्या. त्याच घरातला 'मुक्त वाणी' गुजरातीसाठी. उधन्यात घरी अहिराणी, दारात गुजराती आणि लूमवर हिंदी बोलणाऱ्या आपल्याला एकाच पोस्टरवर दोन लिप्या लागतात, तेव्हा ही भावंडं शेजारी शोभून दिसतात. टायपिंगचंही तसंच. भारत सरकारने ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'क' आणि 'ક' एकाच कळीवर येतात. मराठी टायपिंग शिकलात की गुजराती जवळजवळ फुकटात मिळतं. पहिले आठ-दहा दिवस बोटं रडतात, हे आधीच सांगून ठेवते.

नकाशात तर आपल्याला स्वतः भर घालता येते. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून लोकांनीच बनवलेला नकाशा आहे; ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप तोच नकाशा इंटरनेटशिवाय दाखवतं. एकाच जागेला गुजराती, हिंदी, मराठी अशी वेगवेगळी नावं नोंदवायची त्यात सोय आहे. उधना स्टेशनवरून जळगावच्या गाडीला उतरलेला पाहुणा घर शोधतो तेव्हा गल्ली नकाशात नसेल, तर ती आपण घालू शकतो. एका रविवारी चौघांनी मिळून करण्यासारखं काम आहे.

आता त्या जुन्या अंकाकडे येऊ. फाइल वाचता आली नाही, पण छापील प्रत आहे. टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर छापलेली अक्षरं ओळखून त्यांचा युनिकोड मजकूर करतं. एचपी कंपनीने ते घडवलं आणि २००५ मध्ये खुलं केलं. त्यात मराठीची सोय आहे. पान सरळ ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करायचं. काम बरं होतं, पण अनुस्वार गळतात, 'ऱ्य'चा कधी 'य' होतो, आणि कवितेच्या ओळी एकमेकींत मिसळतात. म्हणून प्रत्येक पान कोणीतरी छापील प्रतीशी ताडून पाहावंच लागतं. अकरा पानं झाली आहेत, कवितांचा विभाग तसाच बाकी आहे. मंगळवारी तासांनंतर आम्ही तिघी ग्रंथालयात बसतो. शुद्धलेखन बरं असेल तर या. प्रत एकच आहे, तेव्हा हात धुऊन या.