गॅस गेला, पण कुठे गेला?

सफाळ्याच्या पश्चिमेला एडवण, मथाणे, दातिवरे ही समुद्रकाठची गावे. इथली हवा दमट. एप्रिल-मे महिन्यांत अंगावरचा घाम वाळत नाही. म्हणून हल्ली आपल्या भागातही घरोघर एसी दिसू लागला आहे. कोणी रोखीने घेतो, कोणी हप्त्याने. घेताना पैसे जातात ते जातातच. पण एसी बिघडला की पुन्हा जातात. हा दुसरा खर्च पुष्कळदा टाळता येतो. तो कसा, ते या धड्यात पाहू.

एसीचे दोन भाग असतात. एक घरात, एक बाहेर. तांब्याच्या नळ्यांनी ते जोडलेले असतात. नळ्यांतून गॅस फिरतो. तो घरातली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि पुन्हा आत येतो. विहिरीवरचा रहाट आठवा. पोहरे खाली जातात, पाणी आणतात, ओततात, पुन्हा खाली जातात. पाणी उपसून पोहरे संपतात का? नाही. तसाच गॅसही वापरून संपत नाही. तो कमी झाला, तर समजावे की नळीला कुठेतरी भोक आहे, नाहीतर सांधा सैल आहे. एवढे एक कळले, तरी पुष्कळ पैसे वाचतील.

आधी आपण काय पाहावे?

१. रिमोट पाहा. त्यावर बर्फाच्या चांदणीचे चिन्ह हवे. पंख्याचे चिन्ह असेल, तर नुसता वारा येतो. आकडा २४ वर ठेवा.

२. आतल्या भागाची जाळी पाहा. ती धुळीने भरली की वारा अडतो आणि खोली गार होत नाही. आधी बटण बंद करा. जाळी काढून साध्या पाण्याने धुवा. सावलीत वाळवून परत बसवा. दर पंधरा दिवसांनी हे करावे.

३. बाहेरचा भाग पाहा. त्याच्यापुढे कपडे, गोणी, पालापाचोळा नको. गरम हवा मोकळी बाहेर पडली पाहिजे.

४. घरात पाणी टिपकते का? ते गॅसचे पाणी नव्हे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसेच ते. हवेतला ओलावा गार नळ्यांवर जमतो. निचऱ्याची नळी तुंबली किंवा तिला उतार नसला, की पाणी घरात येते.

५. विजेचा दाब पाहा. घरातले दिवे मंद असतील, तर एसीही नीट चालणार नाही. एसी लावला की विजेचा खटका पडतो का? तो पुन्हा पुन्हा वर करू नका. जळका वास आला, तर एसी बंद ठेवून वायरमनला बोलवा. उघड्या तारेला हात लावू नका.

एवढे करूनही खोली गार झाली नाही, तर मेकॅनिकला बोलवावे.

मेकॅनिकशी कसे बोलावे?

"काका, गॅस गेलाय. भरावा लागेल."

"कुठून गेला, भाऊ?"

"तो वर्षाला संपतोच."

"तो संपत नाही, असं आम्ही वाचलंय. सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे कुठं येतात ते आम्हालाही दाखवा. आधी भोक बुजवा, मग गॅस भरा."

"त्याला पैसे जास्त पडतील, काका."

"पडू देत. दरसाल गॅस भरण्यापेक्षा बरं. पण आकडा आधी कागदावर लिहा."

असे बोलण्यात भांडण नाही. मेकॅनिक उन्हात, भिंतीवर चढून जोखमीचे काम करतो. त्याला पाणी द्यावे, कामाचा पुरा दाम द्यावा. पण काम पुरे करून घ्यावे. भोक बुजवल्यावर नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढतात. मगच गॅस वजन करून भरतात. किती ग्रॅम भरायचा, ते बाहेरच्या भागावरच्या पट्टीवर छापलेले असते. तो आकडा आधीच वहीत उतरून घ्या. हल्लीच्या पुष्कळ एसींतला आर-३२ हा गॅस पेट घेऊ शकतो. काम चालू असता जवळ विडी ओढू नये, चूल पेटवू नये.

समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याने नळ्या आणि पातळ पाती गंजतात. कधी सबंध भागच बदलावा लागतो. अशा वेळी पैसे देण्याआधी हमीचे कार्ड काढून वाचा. मुदत बाकी असेल, तर कंपनीला कळवा. फोनचा नंबर कार्डावरचाच घ्या. मोबाइलवर शोधून सापडलेला नंबर कधी कधी ठगाचा असतो. फोनवर ओटीपी कोणालाही सांगू नये.

कागद महत्त्वाचा

काम झाले की मेकॅनिक कागदावर सही मागतो. वाचल्याशिवाय सही करू नका. कागद इंग्रजीत असेल, तर काय केले ते खाली मराठीत लिहून घ्या. भोक कुठे होते, गॅस किती भरला, पैसे किती घेतले, तारीख काय. पक्की पावती मागा आणि जपून ठेवा.

काम वाईट झाले आणि कोणी दाद देत नसेल, तर १९१५ या नंबरावर फोन करा. ही सरकारची ग्राहकांसाठी असलेली मदतसेवा आहे. त्यानेही भागले नाही, तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दुकान मुंबईत असले तरी चालते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी पडत नाही. पण तिथे पहिला प्रश्न हाच येतो, "पावती कुठे आहे?"

अक्षर शिकलो ते पोथीपुरते नव्हे. पावती वाचता आली, तर आपला पैसा आपल्याला राखता येतो.

सांगा पाहू

१. एसीतला गॅस वापरून संपतो का?
२. गॅस भरण्याआधी मेकॅनिककडून काय करून घ्यावे?
३. पावतीवर कोणत्या चार गोष्टी लिहून घ्याव्या?